अव्यय यंत्रावरील व्यय

ज्या शब्दाला लिंग, वचन, विभक्ति यांचा विकार होत नाहीं त्याला व्याकरणांत अव्यय म्हणतात. पस्तीस वर्षें वर्गांत हें शिकवितांना आम्ही ‘आणि’, ‘परंतु’, ‘किंवा’ यांचींच उदाहरणें देत आलों. अलीकडे बाजारांत अव्यय यंत्रेंहि दिसूं लागलीं आहेत. खेळांसाठीं म्हणून जे बलाढ्य संगणक विकले जातात त्यांपैकीं पुष्कळ असे असतात कीं, दुकानांतून घरीं आले त्या दिवशीं जसे होते तसेच ते शेवटपर्यंत राहावयाचे. त्यांची स्मृति वाढवितां येत नाहीं, चित्रें उभीं करणारा त्यांचा भाग बदलतां येत नाहीं. यंत्राला विकार नाहीं. व्यय मात्र आपणांस आहे, आणि तो लाखाच्या घरांत आहे.

नाशिकच्या एका वाचक गृहस्थांनीं याच विषयावर आम्हांस सविस्तर पत्र धाडलें आहे. त्यांच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत दाखल झाले आहेत. वसतिगृहांत नेण्यासाठीं त्यांना गेमिंग लॅपटॉप हवा आहे. किंमत एक लाख तीस हजार रुपये. पैसे मातोश्रींच्या मुदतठेवींतून काढावयाचे असून मातोश्रींची त्याला ना नाहीं. मात्र दुकानदारानें प्रांजळपणें सांगितलें कीं, यांतली रॅम १६ जीबी आहे व ती पुढें वाढवितां येणार नाहीं. झालें, घरांत दोन तट पडले. ज्यांत पुढें भर घालतां येत नाहीं ती वस्तु घेणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें, असें थोरल्यांचें मत. इतकीं यंत्रें घरांत आलीं, त्यांतलें एक तरी कोणी कधीं उघडलें काय, असें धाकट्यांचें उत्तर. खेळासाठीं एवढा खर्च मुळांत करावाच काय, हा प्रश्न पत्रलेखकांनीं बाजूस ठेवला आहे. आम्हीहि तो बाजूसच ठेवतों. मुलांनीं खेळूं नये असें लिहिण्यासाठीं हें पान नाहीं, आणि लिहिलें तरी मुलें तें वाचणार नाहींत.

निर्णयाकडे वळण्यापूर्वीं या यंत्राच्या पोटांत काय असतें तें सांगितलें पाहिजे. कारण आजी-आजोबांना नातू तें समजावून देतो तेव्हां तो फार घाईंत असतो. मुख्य भाग चार. हिशेब करणारा प्रोसेसर. चालू कामाची सामग्री हाताशीं ठेवणारी रॅम. सर्व कांहीं कायमचें सांठविणारी एसएसडी. आणि पडद्यावरील दृश्य क्षणोक्षणीं रेखाटणारी ग्राफिक्स चिप, जिची स्वतःची निराळी स्मृति असते. स्वयंपाकघराच्या भाषेंत बोलावयाचें तर रॅम म्हणजे ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. टेबलाशेजारीं ठेवावयाच्या मोठ्या पेटीच्या संगणकांत हे भाग बहुधा आपापल्या खांचेंत बसविलेले असतात. स्क्रू काढला कीं ग्राफिक्स कार्ड हातांत येतें. लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डावर डाखानें कायमची जडविलेली असते. २००४ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें एमएक्सएम नांवाची पद्धति काढली होती. लॅपटॉपांतलेंहि ग्राफिक्स कार्ड काढून दुसरें घालतां यावें असा तिचा हेतु. जाड व महाग यंत्रांतून ती कांहीं वर्षें चालली. पुढें लोकांना पातळ लॅपटॉप हवेसे झाले आणि ती मागें पडली. आतां पाळी रॅमची आली आहे. असूस कंपनीच्या झेफिरस जी१४ या लॅपटॉपाचेंच पाहा. २०२० ते २०२३ पर्यंतच्या आवृत्त्यांत कांहीं रॅम डाखलेली, आणि शिवाय एक खांच भर घालण्यासाठीं मोकळी, अशी व्यवस्था असे. २०२४ च्या आवृत्तींत ती खांच गेली व सगळीच रॅम डाखली गेली.

हें सारें ग्राहकाला नाडण्यासाठींच चालतें असें म्हणणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं. डाखून बसविलेली रॅम वीज कमी घेते, जागा कमी घेते, आणि प्रोसेसरच्या अगदीं लगत असल्यामुळें वेगानेंहि अधिक चालते. फ्रेमवर्क नांवाच्या अमेरिकन कंपनीचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. कारण तिचा सगळा लौकिक सहज उघडतां-जोडतां येणाऱ्या लॅपटॉपांवर उभा आहे. त्याच कंपनीनें फेब्रुवारी २०२५ मध्यें एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरवर चालणारा टेबलावरचा एक छोटा संगणक जाहीर केला, आणि त्यांत रॅम चक्क डाखलेली होती. कंपनीनें कारणहि सांगितलें: या चिपला स्मृतीकडून २५६ बिटांच्या रुंद मार्गानें माहिती खेंचावी लागते, काढतां-घालतां येणाऱ्या पट्ट्या लावल्या तर मार्ग लांबतो व संदेश स्वच्छ पोंचत नाहीं. एएमडीच्या तंत्रज्ञांनीं प्रयत्न करून पाहिला, तरी तें जुळलें नाहीं. जी कंपनी उघडेपणावरच पोट भरते तिला जें साधलें नाहीं, तें इतरांनीं केवळ लोभानें टाळलें असें म्हणवत नाहीं. तथापि जेथें असें कारण नसतें तेथेंहि रॅम डाखली जाते. मग ३२ जीबी हवी असलेल्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशीं वरची महाग आवृत्ति घ्यावी लागते. ही कारखानदाराची सोय आहे, आणि ती त्याला नकोशी आहे असें कोठें दिसलें नाहीं.

आतां थोरल्या बंधूंच्या मताकडे येऊं. भर घालतां येणें हा गुण खरा, पण दुकानांत तो जेवढा मोठा दिसतो तेवढा पांच वर्षांनीं राहत नाहीं. इंटेलनें प्रोसेसरची एलजीए १२०० ही बैठक २०२० सालीं आणली आणि २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० ही दुसरीच बैठक तिच्या जागीं आली. ज्यांनीं पहिली घेतली त्यांना पुढचा प्रोसेसर हवा तर मदरबोर्डहि नवा घेणें आलें. डीडीआर ४ ची रॅम डीडीआर ५ च्या खांचेंत बसतच नाहीं. म्हणजे एक भाग बदलावयास जावें तों तीन भाग बदलण्याची पाळी येते. उलटहि उदाहरण आहे, तें नाकारूं नये. एएमडीची एएम४ ही बैठक इतकी टिकली कीं, २०१७ सालचा रायझन घेतलेल्या कित्येकांना २०२२ सालचा ५८००एक्स३डी प्रोसेसर त्याच मदरबोर्डावर बसवितां आला. लॅपटॉपांच्या बाबतींत मात्र भावी सुधारणेच्या वचनावर पैसे मोजूं नयेत असेंच आमचें मत झालें आहे. डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एम या २०१९ सालच्या लॅपटॉपाची जाहिरात ‘भाग बदलतां येतात’ याच गुणावर झाली होती. पुढच्या वर्षींचीं ग्राफिक्स कार्डें त्यांत बसेनात अशी फिर्याद २०२१ सालीं कॅलिफोर्नियांतील एका ग्राहकानें केली. फ्रेमवर्कनें मात्र आपल्या १६ इंची लॅपटॉपासाठीं ऑगस्ट २०२५ मध्यें नवें ग्राफिक्स मॉड्यूल खरोखरच जाहीर केलें. असा अपवाद आढळला कीं बरें वाटतें, पण अपवादावर गृहस्थानें ठेव मोडूं नये.

नाशिकच्या वादांत एक गोष्ट दोन्ही बंधूंच्या नजरेंतून सुटली आहे, आणि आमच्या मतें तीच मुख्य होय. भांडण चाललें आहे रॅमवर. परंतु खेळांच्या संगणकांत सर्वांत आधीं अपुरी पडते ती बहुधा ग्राफिक्स चिप. ती तर जवळजवळ प्रत्येकच लॅपटॉपांत बंद असते, मग रॅमची खांच मोकळी असो वा नसो. शिवाय नांवावरहि भुलूं नये. २०२१ सालीं आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाला टेबलावरच्या संगणकासाठीं १२ जीबी स्मृति होती. त्याच नांवानें लॅपटॉपांत जी चिप येई तिला ६ जीबी. पेटीवर आंकडा एक, आंत माल अर्धा! २०१९ पासून आपल्याकडे जीटीएक्स १६५० चे लॅपटॉप पुष्कळ खपले. त्यांची चिप ४ जीबीची, आणि प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन दृश्य रंगविण्याची, म्हणजे रे ट्रेसिंगची, यंत्रणा तिच्यांत नाहीं. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळाला ही यंत्रणा आणि ८ जीबीचें कार्ड अवश्य लागतें. मे २०२५ च्या ‘डूम: द डार्क एजेस’ लाहि ही यंत्रणा लागतेच. अशा लॅपटॉपाच्या धन्यानें रॅम ६४ जीबी केली तरी हे खेळ त्याच्यासाठीं नव्हेत. पेटीचा संगणक असता तर एक कार्ड बदलून भागलें असतें.

म्हणून बंद यंत्र घ्यावें कीं नाहीं याचें आमचें उत्तर असें आहे कीं, त्या यंत्रासाठीं दुसरा कोणी बांधलेला आहे काय, हें आधीं पाहावें. प्लेस्टेशन हें खेळाचें यंत्र बंदच असतें. त्याची चिप कोणालाहि बदलतां येत नाहीं. तरी तें घेणारा फसत नाहीं. कारण लक्षावधि घरांत हुबेहूब तेंच यंत्र असल्यामुळें खेळ रचणाऱ्यालाच त्याच्या शक्तीच्या बेतांत राहावें लागतें. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्यें आलें. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ हा मोठा खेळ नऊ वर्षांनीं, नोव्हेंबर २०२२ मध्यें, त्यावरहि निघाला. नऊ वर्षें टिकलेल्या बंद यंत्राला महाग कोण म्हणेल? व्हॉल्व्ह कंपनीचें २०२२ सालचें स्टीम डेक हें हातांत धरावयाचें यंत्रहि याच जातीचें. कोणता खेळ त्यावर नीट चालतो याची शहानिशा कंपनी स्वतः करते. लॅपटॉपासाठीं असें कोणी थांबत नाहीं. त्याचीं शेंकडों रूपें. खेळ रचणारा किमान मर्यादा ठरवितो आणि जो तिच्या खालीं राहील तो राहील. प्लेस्टेशनवर महाविद्यालयाचा प्रकल्प मात्र लिहितां येत नाहीं, हा त्याचा मोठाच दोष.

आतां नाशिककरांना स्पष्ट लिहितों. मुलगा वसतिगृहांत राहणार, सुटीला पेटी-पडदा घेऊन एस्टीनें येणार नाहीं. तेव्हां लॅपटॉपच घेणें प्राप्त आहे. एक लाख तीस हजार हे पांच वर्षांचे समजावे, म्हणजे वर्षाला सव्वीस हजार. सहाव्या वर्षीं यंत्राची आशा धरूं नये. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला तें पुरेल. पण डाखलेल्या रॅमचें १६ जीबीचें यंत्र घेऊं नये. एक तर ३२ जीबी डाखलेलें घ्यावें, नाहीं तर १६ जीबी असून खांच मोकळी असलेलें. आणि ग्राफिक्स चिपची स्मृति ८ जीबीहून कमी असेल तर दुकानाबाहेर पडावें. ‘आतां थोडी घेऊं, पुढें स्वस्त झाली कीं भर घालूं’ या बेतावरहि फार विसंबूं नये. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनीं स्मृतीच्या चिपा उचलल्या आणि रॅमचे भाव एकाएकीं कित्येक पटींनीं चढले. मायक्रॉन कंपनीनें तर त्या डिसेंबरांत आपला घरगुती गिऱ्हाइकांचा क्रुशल हा व्यवसायच बंद करण्याचें जाहीर केलें.

मुलगा घरींच राहणारा असता तर आमचें मत वेगळें पडलें असतें. चारपांच भावंडांच्या घरांत पेटीच्या संगणकासारखी काटकसर नाहीं. पेटी, पडदा, वीजपुरवठा हीं दुसऱ्या फेरीलाहि उपयोगीं पडतात. थोरल्यासाठीं नवें कार्ड आलें कीं जुनें धाकट्याच्या संगणकांत जातें. थोरल्याचा सदरा धाकट्यानें घालावा ही आपल्या घरांची रीतच आहे, आणि कार्डाला तर बाह्या आंखूड होत नाहींत. बंद लॅपटॉप वारशानें जातो तो संपूर्णच जातो, आणि तोंपर्यंत तो बहुधा दमलेला असतो.

एक भेद मात्र दोघा बंधूंनींहि ध्यानांत घ्यावा. भर घालणें निराळें आणि दुरुस्ती निराळी. पहिल्यावांचून चालेल, दुसरीवांचून चालणार नाहीं. लॅपटॉपाची बॅटरी तीनचार वर्षांत थकते, पंख्यांत धूळ बसते, कळफलकाच्या कळा जातात. गेमिंग लॅपटॉप तापतोहि फार. हे भाग निघत असतील तर बंद चिपेचें यंत्रहि पांच वर्षें सुखानें चालतें. परंतु प्रोसेसर, ग्राफिक्स व रॅम हीं तिन्हीं एकाच मदरबोर्डावर डाखलेलीं असतां त्यांतील एक बिघडलें आणि वॉरंटी संपलेली असली, तर सगळा मदरबोर्डच बदलावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून मनुष्य नवें यंत्र पाहूं लागतो. फ्रान्सांत १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपावर दुरुस्तीच्या सुलभतेचे दहांपैकीं गुण छापणें भाग पडलें. आपल्या सरकारनेंहि जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासाठीं संकेतस्थळ उघडलें. गुण छापलेले नसले तर ते आपणच काढावे. खरेदीपूर्वीं पुण्यांत तपकीर गल्लींत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर एखाद्या दुरुस्तीच्या दुकानांत जाऊन, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक दाखवून तीनच गोष्टी विचाराव्या: बॅटरी मिळते काय, पंखा मिळतो काय, एसएसडी बदलतां येते काय. बॅटरीची किंमत तेथेंच वहींत टिपून घ्यावी आणि ती एक लाख तीस हजारांत मिळवावी.