गावाचा नकाशा कोणी काढला?

बालमित्रांनो, पाहुण्यांनी आपल्या गावात घर विचारलं, तर आपण काय सांगतो? "पूर्वेला जा, मग दक्षिणेला वळा" असं? छे! आपण म्हणतो, "वरच्या वाडीत" नाहीतर "खालच्या वाडीत". वर म्हणजे सड्याच्या, डोंगराच्या अंगाला. खाली म्हणजे मळ्याच्या, समुद्राच्या अंगाला.

गंमत म्हणजे, दूर इंडोनेशियातल्या बाली बेटावरची माणसंही अशाच दिशा सांगतात बरं का! डोंगराकडची ती ‘काजा’, समुद्राकडची ती ‘केलोद’. गुनुंग आगुंग हा तिथला सर्वांत उंच, ज्वालामुखी पर्वत. तो देवांचं ठिकाण. म्हणून बेटाच्या दक्षिण भागात काजा म्हणजे उत्तर, तर उत्तर किनाऱ्यावर काजा म्हणजे चक्क दक्षिण! जुनी गावंही याच हिशेबानं वसवलेली. डोंगराच्या बाजूला गाव वसवणाऱ्या पूर्वजांचं देऊळ, मध्ये साऱ्या गावाचं देऊळ आणि समुद्राच्या बाजूला मृतांचं देऊळ व मसणवटा. डोकं, धड आणि पाय. गाव म्हणजे जणू एक माणूसच!

आता आपल्या सिंधुदुर्गात या. आपल्या गावऱ्हाटीतही जागोजागी राखणदार आहेत. सातेरी वारुळाच्या रूपात पुजतात, कारण वारूळ म्हणजे भूमीच. देवराईतली फांदीसुद्धा तोडायची नाही. शिवेवर देवचार. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भलेमोठे चामडी जोडे वाहतात. कशाला? रात्री गावाची राखण करत फिरताना त्याचे जोडे झिजतात, अशी श्रद्धा आहे. आणि आपल्या मालवण तालुक्यातली आचऱ्याची गावपळण! काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर राहतो. २०१९ च्या डिसेंबरातही गेला होता. आपली शीव कुठं संपते, हे तिथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

या श्रद्धांच्या पोटात एक शहाणपण आहे, हं! राई राखली की पाणी जमिनीत मुरतं, विहिरीला येतं. घरं उंच भरडावर, भात खालच्या मळ्यात आणि व्हाळाला मोकळी वाट. मालवण शहरातली ‘भरड’, ‘देऊळवाडा’ ही नावंच जागेची ओळख सांगतात. बालीत तर भातशेतीचं पाणी देवळांशी बांधलेल्या ‘सुबाक’ नावाच्या शेतकरी मंडळांतून वाटून घेतात. २०१२ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा मानलं.

आज मात्र कुठं व्हाळ बुजवून कुंपण उभं राहतं, कुठं मळ्यात भर घालून घर. मग मिरगाचा पाऊस कोसळला की पाणी आपली जुनी वाट शोधत थेट पडवीत येतं. देव मानावा की न मानावा, हे ज्याचं त्याचं. पाण्याची वाट मात्र सगळ्यांनाच मानावी लागते.

तर मग येत्या रविवारी आजी-आजोबांना सोबत घ्या आणि वहीत गावाचा नकाशा काढा. देऊळ, राई, तळी, व्हाळ, मळा, शीव, सारं दाखवा. एखादा व्हाळ आजोबांना आठवतोय, पण आता दिसत नाही? तो लाल पेन्सिलीनं काढा आणि नकाशा आई-बाबांना जरूर दाखवा. तुमच्यापैकीच कुणीतरी उद्या या गावात घर बांधणार आहे ना!