आधी वजनकाटा, मग कृत्रिम बुद्धिमत्ता

लहान मुलांसाठीच्या पॅरासिटामॉल थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणपणे १०० मिलिग्रॅम औषध असते. याच औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये १२५ मिलिग्रॅमसाठी पाच मिलिलिटर लागतात. म्हणजे थेंब चौपट तीव्र, पण नाव एकच. ‘दर वेळी पाच मिली द्या’ ही सूचना एका बाटलीसाठी योग्य, तर दुसऱ्या बाटलीसाठी मुलाच्या यकृतावर बेतणारी. डॉक्टरांनी योग्य औषध लिहिले, दुकानदाराने योग्य औषध दिले, तरी घरी चूक होऊ शकते. अशा चुकांपायी जगाला वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या चुका रोखण्यासाठी संघटनेने २०१७ मध्ये मोहीमही हाती घेतली. आता त्यावरचा उतारा म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, म्हणजे ‘एआय’कडे पाहिले जात आहे. हा उतारा शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांसाठी आहे, की चिंचपाड्यासाठीही?

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. या भागात घरात मावची, दवाखान्यात मराठी आणि चिठ्ठीवर इंग्रजी अशी तीन भाषांची कसरत रोजची. मजुरीसाठी गुजरातेत गेलेले कुटुंब तिकडच्या दवाखान्यातून औषधे घेऊन परतते, तेव्हा त्यात गुजरातीची भर पडते. मग एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी एका पिशवीत जमते आणि दोन्ही गोळ्या घेतल्या जाण्याची भीती असते.

त्यात इथले आजार असे, की औषधाचे गणित चुकवून चालत नाही. सिकलसेलच्या रुग्णाला दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया वजन पाहून ठरते, अधूनमधून रक्त तपासून बदलते आणि गर्भधारणेत टाळावे लागते. क्षयरोगात ३४ किलो वजनाच्या प्रौढाला एकत्रित औषधाच्या रोज दोन गोळ्या, तर ३५ किलोच्या प्रौढाला तीन. उपचारादरम्यान वजन बदलले, तर हा हिशेब पुन्हा करावा लागतो. हिवतापावरचे प्रायमाक्विन गर्भवतीला चालत नाही आणि ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची कमतरता असलेल्याच्या तांबड्या पेशी ते फोडू शकते.

वजन, वय, गर्भधारणा, जुने आजार आणि आधीची औषधे एकाच वेळी ध्यानात ठेवून प्रत्येक चिठ्ठी पडताळणे हे यंत्राला जमणारे काम आहे. दिवसभर रांग उपसणाऱ्या एकट्या डॉक्टरला ते प्रत्येक वेळी जमेलच असे नाही. केनियातील नैरोबीत ‘पेंडा हेल्थ’च्या १५ प्राथमिक दवाखान्यांत सुमारे ४० हजार रुग्णभेटींवर झालेला अभ्यास २०२५ मध्ये जाहीर झाला. शंका आली तरच इशारा देणारे एआय साधन हाताशी असलेल्यांच्या निदानातील चुका १६ टक्क्यांनी, तर उपचारांतील चुका १३ टक्क्यांनी कमी आढळल्या. हा अभ्यास ‘ओपनएआय’ या एआय बनवणाऱ्या कंपनीच्याच सहभागाने झाला, हे विसरता येत नाही. शिवाय रुग्णांच्या प्रकृतीत दोन गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. तिथेही साधन नुसते बसवून भागले नाही. कर्मचाऱ्यांना ते शिकवावे लागले, त्यांच्यामागे लागून वापरायला लावावे लागले.

त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. यंत्र नोंदीवर चालते. वजनाचा रकाना रिकामा असेल किंवा अंदाजाने भरला असेल, तर यंत्रही तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकीचा हिशेब मांडेल. म्हणून प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतला वजनकाटा आणि प्रत्येक रुग्णाच्या औषधांची एकच नोंद, ही एआयची पहिली अट आहे. दुसरी अट भाषेची. चूक जर घरात होत असेल, तर ‘किती, कधी, कोणत्या झाकणाने’ हे मावचीत सांगणारे साधन हवे आणि ते इथल्याच माणसांकडून तपासून घेतलेले हवे. मावचीचा मजकूर संगणकाला फारसा मिळालेला नाही. त्यामुळे मराठीत बरोबर बोलणारे यंत्र मावचीत काय बोलेल, हे गृहीत धरता येत नाही. तिसरी अट उत्तरदायित्वाची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्यांचा अर्थ गावपातळीवर इतकाच, की यंत्राने सुचवले तरी निर्णय माणसाचा आणि जबाबदारीही माणसाचीच. डॉक्टर किंवा औषधनिर्मात्याची रिकामी जागा भरायचे टाळण्यासाठी एआय आणले, तर चुका कमी होणार नाहीत. फक्त त्या कोणाच्या, हे सापडणार नाही.

तोवर वाट पाहत बसण्याचे कारण नाही. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे आणि बाटल्या सोबत न्याव्यात, मुलाचे वजन दर वेळी करून घ्यावे, डोस समजला का हे स्वतः बोलून दाखवावे. औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. आणि शासनाने नंदुरबारसाठी एआयची योजना आखलीच, तर तिचा पहिला खर्च वजनकाट्यांवर आणि मावची बोलणाऱ्या आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणावर दिसला पाहिजे. संगणकाची खरेदी त्यानंतर.