ठणका थांबतो, दाढ तशीच राहते

गोव्यात पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही गावात रात्री दाढ ठणकू लागली की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. लवंग दाताखाली धरायची, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या, घरात उरलेली एखादी गोळी घ्यायची आणि सकाळी फार्मसीतून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणायच्या. दोन दिवसांत दुखणे ओसरते. मग दंतवैद्याकडे जाणे चवथीनंतर, चवथ झाली की मुलांच्या परीक्षेनंतर, परीक्षा झाल्या की शिगम्यानंतर, असे पुढे जात राहते. त्यात वर्षे निघून जातात आणि एके दिवशी गाल सुजून, तोंड धड उघडत नाही अशा अवस्थेत माणूस आरोग्य केंद्राच्या बाकावर येऊन बसतो. तिथे बहुतेक वेळा त्याच्या कानावर पहिला प्रश्न पडतो तो ‘इतके दिवस काय करत होता?’ हा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण या प्रश्नाने उपचाराची सुरुवात होता कामा नये. वर्षानुवर्षे टाळून अखेर वेदनेपायी आलेला रुग्ण म्हणजे त्याच्या तोंडाचे आरोग्य सावरण्यासाठी आरोग्यव्यवस्थेला मिळालेली बहुधा एकमेव संधी असते. ती दटावण्यात आणि एक दाढ उपटण्यात संपवली, तर तो पुन्हा येईल तो पुढच्या सुजेलाच.

टाळणाऱ्याला आपण निष्काळजी म्हणतो, पण दाढ त्याला कशी फसवते हे पाहायला हवे. कीड आतल्या मगजापर्यंत पोचली की तिथे सूज येते. दाताच्या कठीण भिंतींमुळे त्या सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून ठणका असह्य होतो. आडवे झाले की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री जास्त जाणवतो. काही दिवसांनी आतली नस मरते आणि दुखणे थांबते. रुग्णाला वाटते, गोळ्या लागू पडल्या. प्रत्यक्षात जिवाणू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात आणि महिनोन्‌महिने गुपचूप पू साठत जातो. मेलेल्या मगजात रक्त पोचत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही पोचत नाही. दात उघडून पू बाहेर काढणे, रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे हाच यावरचा उपचार आहे. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत, दंतोपचार उपलब्ध असेल तेव्हा बहुतेक दातदुखीत अँटिबायोटिक देऊ नये, असे सांगितले. ताप, पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही गोळी उपचाराच्या जोडीला असते, उपचाराच्या जागी नसते. दुखणे थांबणे म्हणजे बरे होणे, हा शरीराच्या बाकी बहुतेक अवयवांबाबत खरा ठरणारा अनुभव इथे खोटा ठरतो. अनुभवावर विसंबून वागलेल्या माणसाला अडाणी ठरवणे न्यायाचे नाही.

भीतीचेही तसेच आहे. ‘वरची दाढ काढली की डोळे जातात’ ही निराधार समजूत अजून घराघरांत सांगितली जाते. ती समजावून दूर करता येते. पण सुई टोचूनही दुखले, ही तक्रार खरी असते. सुजलेल्या, पू झालेल्या जागी ऊती आम्लधर्मी होतात आणि बधिर करणारे औषध तिथे नीट काम करत नाही. म्हणजे जो घाबरून उशिरा येतो त्यालाच उपचार जास्त दुखतो, आणि त्याची भीती पुराव्यानिशी पक्की होते. याला लाजेची जोड मिळते. मिश्रीने काळवंडलेले, तंबाखूने खराब झालेले दात दुसऱ्याला उघडून दाखवायचे, तेही त्यावरून बोलणी खाण्यासाठी, हे पन्नाशीच्या बाईला किंवा ट्रकचालकाला सोपे नसते. शिवाय दिवस मोडतो. राज्यातील एकमेव दंत महाविद्यालय बांबोळीला आहे. ते १९८० साली सुरू झाले आणि आजही पेडण्याच्या टोकावरून तिथे जायचे तर म्हापसा, पणजी करत बस बदलाव्या लागतात. रूट कॅनालसाठी अशा दोन-तीन खेपा. रोजंदारीवरचा माणूस एका खेपेत दाढ काढून मोकळा होणे पसंत करतो. डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्या घरांची मिळकत थांबली त्यांनी सर्वांत आधी कोणता खर्च पुढे ढकलला असेल, हे ओळखायला पाहणीची गरज नाही.

हा सगळा दातांचा किरकोळ मामला आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खालच्या दाढेचा पू जिभेखालून गळ्यात पसरला तर श्वास कोंडतो. जर्मन वैद्य फोन लुडविग यांनी १८३६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अँटिबायोटिक येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही तो प्राणघातक ठरू शकतो. दुसरी गोष्ट खास गोव्याची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. मधुमेहात हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांतला जुना संसर्ग साखर आटोक्यात येऊ देत नाही. ज्या राज्यात चारांतल्या एकाहून अधिक प्रौढांना मधुमेह आहे, तिथे साखर तपासायची आणि तोंडात डोकावायचे नाही, ही पद्धत मला समजत नाही.

यावर आक्षेप येतो तो जबाबदारीचा. दात स्वतःचे, घासायचे स्वतः, तंबाखू खायची स्वतः, मग सरकारने आणि डॉक्टरने गोंजारत का बसावे? जबाबदारी रुग्णाची आहे, हे मी नाकारत नाही. परंतु जबाबदारीची जाणीव करून देण्याची वेळ निवडावी लागते. ठणक्याने दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या डोक्यात उपदेश शिरत नाही, फक्त अपमान शिरतो. तंबाखूविषयी बोलायचे ते आठवड्याने, सूज उतरल्यावर. न रागावल्याने लोक आणखी उशीर करतील, ही शंकाही टिकत नाही, कारण रागावण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि उशीर काही कमी झालेला नाही. सर्वांत वजनदार आक्षेप डॉक्टरांचा आहे. सकाळच्या रांगेत प्रत्येकाशी सावकाश बोलायला वेळ कुठे? तो खरा आहे, आणि त्याचे ओझे एकट्या दंतवैद्यावर टाकू नये. पण दुखणे थांबवणे, तोंडाची स्थिती दोन वाक्यांत सांगणे आणि पुढची तारीख हातात देणे एवढेच पहिल्या भेटीचे काम मानले, तर वेळ वाढत नाही. दुसऱ्या खेपेला न आलेल्यांना फोन करायला डॉक्टर लागत नाही.

त्यासाठी पेडणे आणि डिचोलीच्या आरोग्य केंद्रांत रोज काही जागा केवळ ठणका घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. रूट कॅनालचा पहिला टप्पा, म्हणजे दात उघडून आतला दाब मोकळा करणे, तिथेच व्हावा, म्हणजे वाचण्याजोगी दाढ केवळ बांबोळी लांब म्हणून काढावी लागणार नाही. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाची पाठवणी दंतविभागाकडे व्हावी. फार्मसीवाल्यांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणे थांबवावे, आणि काही लक्षणे मात्र त्यांनीही ओळखावीत: गिळता येत नसेल, जीभ वर उचलली गेली असेल, सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकत असेल, श्वास लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचे. बाकीच्यांना दुसरी तारीख द्यायची ती गावच्या बाजाराच्या दिवसाची द्यावी. त्या दिवशी माणूस पेडण्यात किंवा डिचोलीत येणारच असतो, बसभाडे वेगळे पडत नाही आणि रोजही बुडत नाही.