अल्पवयीन मूल म्हणजे आईबापाची जहागीर नव्हे!



"पोरगी अजून अठराची नाही, ती आमच्या ताब्यात." पोलीस ठाण्यात बाप एवढं एक वाक्य बोलतो आणि समोरचा हवालदार मान डोलावतो. प्रकरण तिथेच मिटतं. पोरगी घर सोडून का निघाली, हे कुणी विचारत नाही. आपले कार्यकर्तेही "घरचा मामला आहे" म्हणून पाय मागे घेतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

आधी कायदा जसा आहे तसा समजून घेऊ. मनात आलं म्हणून घर सोडून कुठेही स्वतंत्र राहण्याचा मोकळा हक्क १८ वर्षांखालील मुलाला भारतीय कायदा देत नाही. कार्यकर्त्यानं खोटी आशा दाखवू नये. पण याच कायद्यानं मूल आईबापाला आंदणही दिलेलं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २(१४) वाचा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण? घरातलाच माणूस ज्याला मारतो, छळतो, ज्याचं शोषण करतो ते. जे घरातून पळून आलं आहे ते. वयाआधी ज्याचं लग्न लावलं जाण्याचा धोका आहे ते. अशा बालकाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. कोण करू शकतं? पोलीस करू शकतात, सामाजिक कार्यकर्ता करू शकतो आणि कलम ३१ प्रमाणे बालक स्वतःही जाऊ शकतं. त्यासाठी पालकांची संमती लागत नाही!

समितीनं "जा बाळा, आईबाप तुझ्या भल्याचंच बघतात" म्हणून त्याच दिवशी परत पाठवणं हा न्याय नव्हे. कलम ४० प्रमाणे मूल परत देण्याआधी ते आईबाप त्याला सांभाळायला योग्य आहेत का, हे समितीनं ठरवायचं असतं. मुलाचं म्हणणं ऐकणं हे याच कायद्याचं मूलतत्त्व आहे.

मग हे कागदावरच का राहतं? कारण ठाण्यात, समितीत आणि आपल्या डोक्यात अजून मनू बसलेला आहे. बाईनं बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावं, हा त्याचा दंडक. तो ग्रंथ आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. पण मुलीला 'ताब्यात' ठेवण्याची भाषा जळली का?

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिलं की जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर, आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या. म्हणजे मुलीला स्वतःचं मत फुटण्याआधी तिचं लग्न उरकणं ही नुसती गरिबीची अडचण नाही, ते जातीचं यंत्र आहे. रखमाबाईंचं लग्न ११ व्या वर्षी लावलं गेलं. मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला नकार दिला. १८८७ साली कोर्टानं "नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग" असं सुनावलं, तेव्हा त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. आणि टिळकांचा 'केसरी' कुणाच्या बाजूनं उभा होता, हे इतिहासात नोंदलेलं आहे.

आजचं चित्र बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाआधी पोरीचे हात पिवळे होतात. अशी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पुस्तकं घेऊन घराबाहेर पडली, तर ती बिघडलेली की शहाणी?

आणि बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवू नका. ज्या घरात २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या आहेत, त्या घरातही "स्थळ चांगलं आहे" म्हणून दहावीतल्या मुलीची शाळा बंद होते. ब्राह्मणी पितृसत्ता ही फक्त ब्राह्मणाच्या घरात राहत नाही.

"म्हणजे तुम्ही पोरांना पळून जायला शिकवता?" असं विचारणारे येतील. त्यांना सांगा, आम्ही त्यांना स्टेशनवर पळायला नाही, समितीपुढे जायला शिकवतो. दलाल स्टेशनवर असतो. ज्या पोरीला कायद्याची वाट माहीत नसते, तीच त्याच्या हाती लागते.

तरुण कार्यकर्त्यांनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अशा मुलीला भावनेच्या भरात आपल्या घरी लपवू नका. वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की समजत्या वयाची मुलगी आपणहून निघाली आणि कुणी नुसतं सोबत गेलं, तर ते 'पळवून नेणं' नव्हे. पण तो निकाल कोर्टात सांगायला मिळेपर्यंत भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागून आपला पोरगा आत गेलेला असतो. मुलगी सवर्णाची असेल तर ठाण्याचा वेग किती वाढतो, हे आपण जाणतो. शरीरसंबंधाचा आरोप आला तर पॉक्सोमध्ये अल्पवयीन मुलीची संमती धरलीच जात नाही.

म्हणून काम उघड करा. १०९८ हा नंबर प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा पत्ता शाखेत ठेवा. मुलीसोबत दोन महिला कार्यकर्त्या पाठवा, तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लेखी द्या आणि पोच घ्या. लग्न ठरलं असेल तर ग्रामसेवकाला लेखी कळवा, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ च्या कलम १३ खाली दंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम मिळतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. लग्न आधीच लागलं असेल, तरी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. मग त्यातल्या एका मुलीनं शिकण्यासाठी स्वतःच्या घराशी संघर्ष केला, तर तिच्या बाजूला संघटना म्हणून कोण उभं राहणार? आपण नाही राहिलो, तर ती घोषणा फक्त जयंतीच्या मिरवणुकीपुरती उरेल.

जय भीम! जय सावित्री!