गाडीचीही गाळणी बघून घ्या

चहाची गाळणी घेताना आपण जाळी उजेडात धरून बघतो. गाडीच्या ऑइल फिल्टरला मात्र ‘टाका कुठलाही’ म्हणतो. मीही तेच म्हटलं होतं.

भर मे महिन्यात आमच्या बचत गटाची गाडी पापड-बिबडे घेऊन जळगावहून धुळ्याला निघाली आणि पारोळ्याजवळ ऑइलचा लाल दिवा लागला. स्वस्तातल्या फिल्टरच्या रबरी रिंगेतून ऑइल गळत होतं! गाडी लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचलं. नाहीतर गटाची वर्षाची कमाई त्यातच गेली असती.

इंजिनमधली काजळी आणि धातूचा कीस हा फिल्टरच अडवतो. तेव्हा मैत्रिणींनो, गाडीच्या पुस्तकातला नंबर जुळवून, पक्कं बिल मागूनच तो घ्या. रिंग मऊ हवी, डब्याला पोचा नको. ऑइल बदलताना समोर उभं राहून फिल्टरही बदलून घ्या, जुना मागून बघा. बऱ्याच स्कूटींना फिल्टरऐवजी जाळी असते. ती साफ करायला सांगा.

‘गाडीचं पुरुष बघतील’ हे आता पुरे. हप्ते आपण फेडतो, तर प्रश्नही आपणच विचारायला हवेत, नाही का?