नफा, पण कशापूर्वीचा?

भ्रमणध्वनी कंपन्यांच्या तिमाही निवेदनांत ‘एबिटडा’ हा शब्द हटकून आढळतो. व्याज, कर, घसारा आणि स्पेक्ट्रमसारख्या अमूर्त मालमत्तेचे निर्लेखन वजा करण्यापूर्वीची ही मिळकत. किराणा दुकानाला हे माप कदाचित पुरेल. परंतु कर्ज काढून स्पेक्ट्रम घेणाऱ्या धंद्यात व्याज, घसारा व निर्लेखन हाच मोठा खर्च. तोच वगळल्यावर उरते काय?

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, परवाना शुल्क ज्यावर आकारले जाते त्या ‘समायोजित ढोबळ महसुला’ची दूरसंचार खात्याने केलेली व्यापक व्याख्या उचलून धरली. थकबाकीच्या तरतुदीमुळे व्होडाफोन आयडियाला त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत सुमारे ५०,९२१ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा दाखवावा लागला. ‘एबिटडा’च्या रकान्यात मात्र त्याही तिमाहीत शिल्लकच होती, कारण ही तरतूद ‘अपवादात्मक बाब’ म्हणून त्याखाली गेली. यात आकडा खोटा एकही नाही, हीच तर गोम आहे! पगारातून वाचवलेले चार पैसे समभागांत घालणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने यातून काय उमजावे? प्रसिद्धिपत्रकात निव्वळ नफा-तोटा ‘एबिटडा’च्या आधी, निदान तेवढ्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती ‘सेबी’ने करावी.