स्वस्तातली हौस आणि बिनलेबलची डबी

वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे कामण हे एके काळी भातशेतीचे गाव. आज चिंचोटीहून अंजूरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गाळे, गोदामे आणि भाड्याच्या चाळी उभ्या आहेत. गावठाणातली जुनी घरे, पाड्यांवरची आदिवासी कुटुंबे आणि गाळ्यांत राबायला आलेले कामगार अशी सरमिसळ वस्ती इथे नांदते. पगार हातात पडला की आधी भाडे, मग किराणा, मग मुलांची फी. त्यातून जे उरते त्यात हौस भागवायची. लग्नसराई तोंडावर आली की ही हौस घरच्या घरीच होते. पार्लरऐवजी मैत्रिणीकडून फेशियल, शिवणावळ वाचवायला आईच्या साडीचा घागरा आणि रंगाऱ्याला न बोलावता खोलीच्या भिंतीवर स्वतःच फिरवलेला ब्रश. मोबाइलवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकाचा दावा एकच : खर्च शंभर रुपयांच्या आत.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण नाही. काटकसरीने सजणे ही मराठी घराची जुनीच रीत आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी, डाळीच्या पिठाचे उटणे, सणाच्या आधी भिंतीला चुना हे सगळे ‘स्वतः करा’ याच सदरातले. फरक पडला आहे तो कच्च्या मालात. पूर्वी तो स्वयंपाकघरातून किंवा कपड्यांच्या पेटीतून यायचा. आता तो रसायनांच्या बाजारातून येतो आणि पुष्कळदा ज्या डबीतून येतो तिच्यावर काहीच लिहिलेले नसते. आरोग्याचा प्रश्न इथे सुरू होतो.

सर्वांत गंभीर उदाहरण चेहऱ्याच्या क्रीमचे आहे. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला उजेडात आले. तिघींच्या आजाराचा समान धागा होता स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेली त्वचा उजळवणारी क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी पाठपुरावा केला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळमधील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही असाच अनुभव आला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण आले. त्यांपैकी १५ जणांत एका विशिष्ट, एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकाराची खूण मिळाली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

पारा त्वचा उजळवतो ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तो विकला जातो. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्यासाठी जे विकर लागते, त्याचे काम पारा रोखतो. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो आणि ग्राहक खूश होतो. मात्र हाच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी सैल पडून लघवीवाटे प्रथिने वाहून जाऊ लागतात. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायांवर सूज आणि लघवीला न विरणारा फेस ही त्याची लक्षणे. चेहऱ्याची सूज ‘तब्येत सुधारली’ म्हणून दुर्लक्षिली जाते आणि महिने निघून जातात. पाऱ्याची वाफ होत असल्याने एकाच खोलीत झोपणाऱ्या मुलांपर्यंतही तो पोहोचू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत हे विसरून चालणार नाही.

दुसरी डबी स्टेरॉइडची. मेडिकलच्या दुकानातून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर किंवा चिठ्ठीशिवाय मिळणारी मलमे ‘नाइट क्रीम’मध्ये मिसळून लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते. त्यामुळे ते सोडवत नाही. हे दुष्परिणाम पाहूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. नियम कागदावर चोख आहे, काउंटरवर मात्र सैल.

स्वयंपाकघरातली प्रत्येक गोष्ट निर्धोक असते असेही नाही. त्वचा किंचित आम्लधर्मी असते. लिंबाचा रस तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी आम्ल, तर खाण्याचा सोडा अल्कधर्मी. दोन्ही चेहऱ्यावर चोळल्याने त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते. लिंबवर्गीय फळांतले काही घटक उन्हाशी संयोग होऊन त्वचेला भाजतात आणि मागे काळसर डाग ठेवतात. म्हणजे गोरे होण्यासाठी लिंबू लावून भर उन्हात कामाला निघालेल्या मुलीच्या चेहऱ्याला नेमके उलटे फळ मिळते.

मेंदीचेही तसेच. खरी मेंदी नारिंगी ते तांबूस-तपकिरी रंगते. तासाभरात काळीकुट्ट रंगणारी मेंदी म्हणजे बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेली मेंदी. त्याने हातावर फोड येऊ शकतात. शिवाय शरीर एकदा त्या रसायनावर बिथरले की पुढे आयुष्यभर केसांचा कलप लावला तरी चेहरा सुजू शकतो.

खोली सजवण्याकडे वळू. जुन्या दाराखिडक्यांना नवा रंग देण्याआधी पॉलिश पेपरने घासण्याची पद्धत आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी दिलेल्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे बरेच जास्त असू शकते. कोरडे घासल्यावर त्याची धूळ गादीवर, भांड्यांवर आणि रांगणाऱ्या बाळाच्या हातावर बसते. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही. उपाय बिनखर्चाचा आहे : पृष्ठभाग ओला करून घासणे, धूळ न झाडता ओल्या फडक्याने पुसणे आणि ते काम संपेपर्यंत मुले व गर्भवती स्त्री यांना शेजारी किंवा माहेरी पाठवणे. थिनरचा वास कोंडलेल्या खोलीत त्याच रात्री झोपू नये, हेही त्यातच आले.

आणि गोधडी? तिच्याबाबतही एक सावधगिरी हवी. बाळंतपणाच्या तयारीत पेटीतल्या जुन्या साड्या काढून दुपटी, गोधड्या शिवल्या जातात. त्या साड्यांत वर्षानुवर्षे डांबरगोळ्या ठेवलेल्या असतात. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतील तर त्यांचा अंश कपड्यात उरतो. ज्या बाळात जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्याच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि तीव्र कावीळ होते. नवजात अर्भकात ती मेंदूपर्यंत इजा पोहोचवू शकते. ही कमतरता महाराष्ट्रात पारशी आणि काही आदिवासी समाजांसह अनेक समाजांत आढळते, मुलग्यांत जास्त. अशा बाळाच्या तळहाता-तळपायांना मेंदी लावणेही धोक्याचे ठरू शकते. म्हणून जुनी साडी वापरायची तर धुऊन, दोन-चार दिवस कडक उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच.

मग कायदा काय करतो? भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना काहीशी सवलत आहे. मिनामाता करारातील देशांनी, ज्यांत भारतही आहे, २०२३ च्या अखेरीस जिनिव्हात आणखी पुढचे पाऊल टाकले आणि पारा घातलेली सर्वच सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायचे ठरवले. पण नियम नोंदणीकृत कारखान्याला लागू करता येतो. घरी डबीत भरून ओळखीतल्या बाईमार्फत विकल्या जाणाऱ्या क्रीमला ना कारखाना, ना पत्ता, ना बॅच क्रमांक. निरीक्षक जाणार कुठे? शिवाय ज्या समाजात स्थळ पाहताना अजूनही ‘मुलगी उजळ आहे ना?’ असे विचारले जाते, तिथे नुसत्या छाप्यांनी मागणी आटत नाही. त्या डबीचे खरे गिऱ्हाईक ती मुलगी नसून तो प्रश्न विचारणारे घर आहे.

तरीही काही गोष्टी आजच्या आज शक्य आहेत. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर ती घेऊ नये. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल किंवा घटकांत ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ असे शब्द असतील तर पाऱ्याचा संशय घ्यावा. अशी क्रीम वापरली असेल तर ती थांबवून लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. एका पट्टीवर होणारी ही साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टरांना दाखवायला जाताना डबी फेकून न देता सोबत न्यावी. पारा वेळीच थांबवला तर यातले बरेच रुग्ण सुधारतात, ही दिलासा देणारी बाब आहे. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. नवा कलप किंवा लेप लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी.

आशा सेविका, बचत गट आणि अंगणवाडी यांच्या बैठकांत डोहाळजेवणापासून बाळाच्या दुपट्यापर्यंत सगळे विषय निघतात. तिथेच या डब्याही एकदा टेबलावर मांडल्या गेल्या पाहिजेत. ब्युटिशियनचा छोटा अभ्यासक्रम करून घरी चार पैसे कमावणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही. आपण काय विकतो हे अनेकदा तिलाही माहीत नसते आणि तीच डबी ती स्वतःच्या मुलीलाही लावत असते.

कामणच्या चाळीतली मुलगी आईच्या साडीचा घागरा शिवून बहिणीच्या लग्नात मिरवणार असेल तर तिचे कौतुकच व्हावे. तिची काटकसर आणि कल्पकता खरी आहे. तिच्या हातातल्या डबीत काय आहे हे तिला वाचता यावे, एवढी जबाबदारी मात्र तिच्या एकटीवर टाकून भागणार नाही.